मेलेल्या माणसाच्या गोळ्या

माझं काम मेलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती कशानं मेली ते विचारायचं. अकरा वर्षं झाली. आधी मलेरियाचा प्रकल्प होता, मग एच.आय.व्ही.चा, मग टीबीचा. आता तिन्ही एकत्र करून एकच मोठा आलाय. प्रकल्प बदलला की टी-शर्टवरचं चिन्ह बदलतं, आत आम्ही तेच. दर अकरा महिन्यांनी करार संपतो आणि पुढचा होईपर्यंत आम्ही कुणीच नसतो.

खेड्यात बरीच माणसं घरातच मरतात. शेवटी डॉक्टरनं बघितलेलं नसतं. दाखल्यावर कारण नसतं, आणि असलंच तर 'हृदय बंद पडल्याने'. हृदय बंद न पडता आजवर कोण मेलाय? म्हणून मी जाते. एकशे बारा प्रश्न. ताप किती दिवस होता, थंडी वाजायची का, खोकल्यात रक्त यायचं का, तोंडात पांढरं आलं होतं का, शेवटच्या दिवशी पाणी प्यायले का. ह्या पाण्याच्या प्रश्नाला बायका रडतात. फॉर्मवर सूचना आहे की उत्तर देणारी व्यक्ती रडल्यास दोन मिनिटे थांबावे. दोनच का, ते ज्यानं लिहिलं त्याला विचारा. तो दिल्लीत असतो.

फॉर्मला लांबलचक इंग्रजी नाव आहे. आम्ही 'मरणाचा फॉर्म' म्हणतो. माझ्या अम्मीला तेही पटत नाही. "मरे सो लोगां के घरां कू जाको क्या मिलता गे आफरीन तेरे कू?" ती विचारते. मी म्हणते, पगार. तीन महिन्यांनी एकदा.

दसरा झाल्यावर मी दुधनीकडच्या एका गावात गेले. सोलापुरातून अक्कलकोट, अक्कलकोटहून दुधनी, पुढे चार किलोमीटर जे मिळेल ते. त्या दिवशी तुरीचं औषध नेणारा टेम्पो मिळाला. औषधाच्या वासानं डोकं उठलं होतं. मयताचं नाव शिवलिंगप्पा, वय चौतीस, दुधनीच्या अडत बाजारात मापाडी. म्हणजे धान्याची पोती काट्यावर चढवून वजन पुकारणारा. जूनमध्ये वारला होता. चाळीस दिवसांच्या आत जायचं नाही असा आमचा नियम आहे. इथं चार महिने उलटले होते.

"बर्री, कूडरी," म्हणत म्हातारीनं घोंगडी टाकली. ही गुरम्मा, मयताची आई. बाप वीरभद्रप्पा दाराशी खुर्ची घेऊन असा बसला की आतबाहेर करणाऱ्याला त्याला ओलांडूनच जावं लागेल. मी फोन उघडला, नाव टाकलं, तोच तो म्हणाला, "लिवा, मलेरिया."

"काका, आधी मला विचारू तर द्या."

"इचारा की. शंभर इचारा. पन लिवा मलेरिया."

ह्या माणसाला मी दोष देत नाही. अकरा वर्षांत मला एवढं कळलंय की मरणालासुद्धा इज्जत लागते. मलेरिया म्हटलं की दोष डासाचा, नाहीतर गटार न काढणाऱ्या ग्रामपंचायतीचा. टीबी म्हटलं की लोक घरातली भांडी वेगळी बघायला लागतात. आणि एच.आय.व्ही. म्हटलं की मेलेल्या माणसाला उकरून काढून त्याचं चारित्र्य तपासतात. म्हणून आमच्या भागात डास फार माणसं मारतात. कागदावर.

मयताची बायको हेमावती चुलीपाशी बसली होती. तीस-एकतीसची, बारीक, काटक. उत्तरं म्हातारीच देत होती, कानडी-मराठीची खिचडी करून. ताप? व्हय, लई ताप. खोकला? असायचा की, तुरीच्या भुशानं सगळ्यास्नीच असतोय. वजन? "हाडं राहिली होती बाई," म्हातारी म्हणाली आणि मी दोन मिनिटं थांबले. चार थांबले.

मयताचा धाकटा भाऊ सिदू तेवढ्यात मोटारसायकल लावून आत आला. पंचविशीचा, केसाला तेल, तोंडाला कुलूप नाही.

"मॅडम, मला बी इचारा की. मला बी खोकला हाय."

"मी मेलेल्यांचं विचारते. तुम्ही जिवंत आहात."

"आमच्या बापाला तसं वाटत न्हाय. सकाळपास्नं इचारतोय, ह्यो मुडदा उठला का न्हाय."

हेमावती हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली. सिदूनं ते बघितलं. मीही बघितलं.

फॉर्मच्या शेवटी एक भाग आहे. घरात मयताचे कागद आणि शिल्लक औषधं असली तर बघायची, मोजायची, आकडा टाकायचा. मी विचारलं तशी गुरम्मा उठली आणि फळीवरून एक कॅरीबॅग घेऊन आली. "ही बगा तापाची औषिदं." बिचारीला वाचता येत नव्हतं. बॅगेत टीबीच्या गोळ्यांची अर्धी पाकिटं होती, आणि एक पांढरी प्लास्टिकची बाटली, वरचा कागद नखानं खरवडून काढलेला.

कागद खरवडला तरी बाटली ओळखू येते. एच.आय.व्ही.च्या प्रकल्पात मी अशा हजारभर बाटल्या मोजल्या असतील. रोज एक गोळी, जन्मभर. म्हातारीला ताट मागितलं, त्यात गोळ्या ओतल्या आणि बोटानं दोन-दोन बाजूला सारत मोजल्या. सव्वीस. ताटात गोळ्या सरकवल्याचा आवाज होत होता आणि हेमावतीचा भाकरी थापायचा हात थांबला होता.

मी आकडा टाकला, आभार मानले, निघाले. शिवलिंगप्पाला एच.आय.व्ही. होता, वर टीबी झाला, आणि त्यात तो गेला, हे मला पाच मिनिटांत कळलं होतं. ते मला कुणाला सांगायचं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी तशी सही घेतात. 'आढळलेली माहिती कोणासही उघड करणार नाही.' आम्ही कारण शोधतो. ज्याला अजून मरायचंय त्याच्याशी आमचा संबंध नाही.

दर दहातल्या एका घरी पुन्हा जायचं असतं. पहिल्यानं फॉर्म नीट भरला का, हे दुसऱ्या माणसानं तपासायचं. आमच्याकडे दुसरा माणूस म्हणजे नईम. नईमचा करार सप्टेंबरात संपला तो संपलाच. मी ऑफिसात सयाजी सरांना विचारलं, आता कोण जाणार? सयाजी सर आमचे साहेब, एम.बी.बी.एस. आहेत, माणूस वाईट नाही. वाईट असता तर भांडायला बरं गेलं असतं.

"तुम्हीच जा मॅडम. नईमचं लॉगिन वापरा."

"म्हणजे माझं काम बरोबर आहे का, हे मीच नईम होऊन तपासू?"

"तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तर सांगतोय."

तर मी नईम होऊन गेले. बरोबर वीस दिवसांनी, दिवाळी उरकल्यावर. सिदू दारातच गाडी पुसत होता.

"परत? आमचा अण्णा परत मेला काय मॅडम?"

आतून गुरम्मा ओरडली, "जिभंला हाड न्हाय भाड्या तुज्या!" आणि बाहेर येऊन मला हाताला धरून आत नेलं. ह्या वेळी घोंगडीऐवजी चादर होती. घरात काहीतरी चांगलं घडत होतं. चांगलं घडत असलं की चहात साखर जास्त पडते. गुरम्मानं ट्रंकेतून हिरवी साडी काढून मला दाखवली.

"सिदूची उडकी करतोय हिच्यासंगं. पंधरा दिसांनी. दुसऱ्या घरची आनून काय करायचं? ही कामाची हाय, नात घरात राहील. ल्येकराला बाप मिळंल."

उडकी म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. ह्या भागात जुनी चाल आहे. मांडव नाही, वाजंत्री नाही. चार माणसांत साडी-बांगड्या करतात, जेवतात, उठतात. मी सिदूकडे बघितलं. तो गाडी पुसायचं सोडून नुसताच फडकं हातात धरून उभा होता. कानापर्यंत लाल झाला होता.

ती खरवडलेली बाटली मला आठवली. पण मी नईम होते, मला प्रश्न विचारायचे होते. विचारले. वीरभद्रप्पानं पुन्हा मलेरिया सांगितला. मग कॅरीबॅग आली, ताट आलं, मी गोळ्या ओतल्या.

सोळा.

मला वाटलं चुकले. पुन्हा मोजल्या. सोळाच. बाटलीत बोट घालून बघितलं, कॅरीबॅग झटकली. मान वर केली तर हेमावती माजघराच्या दारात उभी होती, आणि तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. डोळे खाली घातले नाहीत. ह्या घरात बाईमाणूस सासऱ्यासमोर असं बघत नाही. मग मला कळलं. वीस दिवसांत दहा. एक दिवसाआड एक. मेलेल्या माणसाच्या गोळ्या कमी होत होत्या, कारण त्या खाणारं माणूस जिवंत होतं.

वीरभद्रप्पा दाराशी खुर्चीत होता. मी सोळा आकडा टाकला. फोननं लाल पट्टी दाखवली: आधीच्या माहितीशी जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी सयाजी सरांनी बोलावलं. "मॅडम, हे सव्वीस आणि सोळा काय आहे?"

"जे आहे ते आहे सर."

"मृत व्यक्ती गोळ्या खात नाही. मोजण्यात चूक झाली. सव्वीस करा, विषय संपला."

मी दार लावलं आणि नाव न घेता सांगितलं. घरात दुसरं कुणीतरी त्या गोळ्या खातंय, दिवसाआड खातंय, महिन्याभरात संपतील. आपण काहीतरी केलं पाहिजे. सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. सगळं समजत असून काही करता येत नाही तेव्हा ते तसं करतात. दिवसातून चारदा तरी करतात.

"आपला अभ्यास मृत्यूच्या कारणांचा आहे आफरीन मॅडम. उपचार आपल्याकडे नाही. आपण त्यात पडलो तर परवानगी देणारी समिती प्रकल्प बंद करेल. नियम त्यांच्याच भल्यासाठी आहे ना? उद्या तुम्ही गावात बोललात आणि तिला हाकललं तर?"

हे खरं होतं. हाच वैताग आहे. नियम करणारे मूर्ख असते तर सोपं होतं.

"मी बोलणार नाही सर. पण सव्वीसही करणार नाही."

"मग मी करतो," सर म्हणाले आणि केलंही, माझ्यासमोरच. कळ दाबल्याचा आवाजही झाला नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी मी दुधनीला गेले. फोन घेतला, फॉर्म उघडला नाही, टी-शर्ट घरी ठेवला. हेमावती डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जाते एवढं मला फॉर्ममुळेच माहीत होतं. दुपारच्या सुट्टीत बायका मिलच्या मागच्या भिंतीला सावलीत डबे उघडून बसतात. ती कडेला एकटीच बसली होती. डाळीच्या पिवळ्या धुळीनं भुवया रंगल्या होत्या. मला बघून ती दचकलीसुद्धा नाही.

"तुमी मोजल्या," ती म्हणाली.

"मोजल्या."

"धा कमी हायती."

"दहा."

"मग उंदरानं खाल्ल्या म्हनून लिवा की."

मी तिच्या शेजारी बसले. तिनं अर्धी भाकरी तोडून माझ्या हातावर ठेवली, वर शेंगाचटणी. खाता खाता सांगत गेली. रडली नाही. माझ्याकडे दोन मिनिटांची तयारी होती, लागली नाही.

तीन वर्षांपूर्वी शिवलिंगप्पाला गुलबर्ग्यात कळलं. सोलापुरात कुणी ओळखीचं भेटेल म्हणून तो तिकडं गेला होता. सकाळच्या गाडीनं जायचा, बाजाराचं काम सांगून. मग हिलाही नेलं, एका खाजगी लॅबमध्ये, गंगम्मा असं खोटं नाव सांगून. तिलाही निघालं. सरकारी केंद्रातली बाई त्याला दर खेपेला सांगायची, बायकोला घेऊन या, तिचं वेगळं कार्ड करू. हा सांगायचा, ती माहेरी आहे.

"त्येनी म्हनले, दोन कार्डं झाली की दोन मानसं जानार. दोन मानसं दर म्हयन्याला गुलबर्ग्याला जायला लागली की गाव इचारनार. एकाचं कुनी इचारत न्हाय."

"मग?"

"मग एक दिस त्येनी खायचं, एक दिस मी. एकाच बाटलीत दोगं." ती थांबली. "सोमवारी त्येंचा उपास. सोमवार आला की म्हनायचे, आज तुजी पाळी असू दे, मला कडू डकार येतोय. पाळी त्येंची असली तरी."

रोजची एक गोळी दोघांत वाटली की कुणालाच पुरत नाही. अर्ध्या औषधानं रोग दबत नाही, शहाणा होतो, औषधालाच दाद देईनासा होतो. तीन वर्षं तो माणूस आपल्या बायकोला अर्धा जीव काढून देत होता, आणि त्या अर्ध्यानं तिचंही भागत नव्हतं. शेवटी फुप्फुसात टीबी शिरला आणि पाच आठवड्यांत माणूस गेला. मला त्या मेलेल्या माणसाचा असा राग आला की समोर असता तर कानफटात दिली असती. आणि मग वाटलं, नवऱ्यानं बायकोसाठी एवढं केलेलं मी किती घरांत बघितलंय? चार हजार घरं झाली. एकाही घरात नाही.

"आणि तो गेल्यावर? शेवटी दिलेली तीन महिन्यांची बाटली तर तुझी एकटीची होती. तरी दिवसाआडच का?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय.

"त्येंच्या दिसाची गुळगी मी कशी खाऊ अक्का?"

तिकडं मिलचं यंत्र घरघरत होतं. मी पाणी प्यायले. मग मला जे येतं ते सांगितलं. आता तुझ्याजवळ तेरा-चौदा असतील. त्या संपल्यावर काय? आणि नऊ-दहा दिवसांनी उडकी आहे. सिदूला लागलं तर?

"म्हाईत हाय."

"त्याला सांगितलंस?"

"सांगितलं तर उडकी न्हाय. उडकी न्हाय तर त्या घरात मी कोन? म्हातारा दुसऱ्या दिशी म्हनंल, जा भावाकडं. भावजय पानी बी वरून वाढंल." भाकरीचा तुकडा तिनं कागदात परत गुंडाळला. "आन सिदू वाईट न्हाय. पोरीला खांद्यावर घेतोय. त्येच्या जिवाशी खेळू वाटत न्हाय मला. रातभर न्हाय वाटत. सकाळी उठलं की सासू हिरवी साडी दावती."

मी तिला सगळं सांगितलं. सोलापुरात केंद्र आहे, तुझ्या नावाची बाटली मिळेल, रोज एक. आधी रक्त तपासतील, अर्ध्या गोळ्यांनी काही बिघडलंय का बघतील. औषध लागू पडलं तर सहा महिन्यांत रोग इतका दबतो की नवऱ्याला लागत नाही. असं लग्न होतं, मुलं होतात, मी स्वतः बघितलीत. पोरीचीही तपासणी करून घे. फक्त एवढ्यात उडकी नको. आणि सिदूला तू सांग. मी सांगणार नाही. माझी सही आहे म्हणून नाही. ते तुझंच आहे सांगायचं.

"लग्न हुतंय?" तिनं विचारलं. "खरंच?"

"होतं."

"मग ह्ये त्येंला कुनी सांगितलं न्हाय व्हय? त्येनी तीन वर्सं मला येगळं घोंगडं दिलं हुतं."

सांगितलं असेल. त्यानं ऐकलं नसेल. किंवा सांगणाऱ्या बाईच्या समोर त्या दिवशी दीडशे माणसं असतील. मी खांदे उडवले. अकरा वर्षांत माझे खांदे तेवढं एक काम छान शिकलेत.

भोंगा झाला. तिनं माझा नंबर घेतला आणि फोनमध्ये 'डाळ' नावानं ठेवला. उठताना म्हणाली, "तुमी आता येऊ नका. मिलमधल्या बाया इचारतील, नात्यातली का."

मी गेले नाही. सोमवार गेला, बुधवार गेला. मी बार्शीकडे सात फॉर्म भरले, मोहोळकडे पाच. मोहोळात एक म्हातारा म्हणाला, माझ्या बायकोनं पाणी मागितलं आणि मी झोपेत होतो, हे पण लिहा. त्याला रकाना नव्हता. दरम्यान शिवलिंगप्पाचा निकाल आला. दोन डॉक्टर कुठल्यातरी शहरात बसून पडद्यावर फॉर्म वाचतात आणि कारण ठरवतात. थंडी वाजून ताप, घरच्यांचं ठाम म्हणणं, शिल्लक औषधांचा नुसता आकडा, कशाची ते फॉर्म विचारतच नाही. मलेरिया, संभाव्य. वीरभद्रप्पा जिंकला. मी सयाजी सरांच्या टेबलावर तो कागद ठेवला, ते म्हणाले, "फेरविचाराला पाठवू." त्यांनी पाठवला, खोटं कशाला बोलू. अजून आला नाही.

उडकीला दोन दिवस राहिले तेव्हा सकाळी फोन आला. अनोळखी नंबर.

"मॅडम, सिदू बोलतोय. सोलापुरात कुटं यायचं?"

"कशाला?" मला विचारणं भाग होतं.

"तुमाला म्हाईत हाय की." आवाजात नेहमीची मस्ती नव्हती. "वैनीनं सांगितलं. परवा दिशी. दोन दिस मी शेतात झोपलो. आता यायचं कुटं तेवडं सांगा."

मी पत्ता सांगितला. आधार कार्ड आणा म्हटलं. फोन ठेवताना तो म्हणाला, "उडकी मी मोडली. बापाला म्हनलं, मलाच न्हाय करायची, मोटी बायको नको मला. म्हातारा पायताण घिऊन मागं लागला. पाटीवर वळ हाय, दावू काय?"

"नको."

"मग कारन मलेरिया लिवा," तो म्हणाला आणि त्याचा तोच हसला, एकटाच, थोडं.

ती तिघं दुधनीहून सकाळच्या गाडीनं आली. हेमावती, तिची सहा वर्षांची पोरगी आणि सिदू. मी दारात भेटले. आत माझं काही काम नव्हतं. मी ना डॉक्टर, ना नातेवाईक, आणि त्या दिवशी कागदोपत्री मी मोहोळला होते. तरी बसले. बाकावर चाळीसेक माणसं होती, सगळी एकमेकांकडे न बघण्याचा सराव असलेली. एक पोरगा फोनवर क्रिकेट बघत होता. पंख्याला आवाज होता, वारा नव्हता. पोरीचं रक्त आधी घेतलं. अर्ध्या तासानं आतून सांगितलं, पोरगी ठीक आहे. हेमावतीनं ऐकलं, मान हलवली आणि पोरीच्या डोक्यावरची रिबीन सोडून पुन्हा बांधली. मग पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

मग तिला आत बोलावलं. समुपदेशक बाई माझ्याच वयाची, गळा बसलेला, बहुतेक सकाळपासून बोलून. तिनं मला ओळखलं आणि खुर्ची दाखवली. सिदू बाहेर पोरीला घेऊन थांबला.

"नाव?"

मला वाटलं गंगम्मा म्हणते की काय.

"हेमावती शिवलिंगप्पा."

"आधी औषध घेतलंय?"

इथंच सगळं अडलं होतं. नाही म्हटली असती तर सरळ नवी बाटली मिळाली असती, आणि आत शहाणा झालेला रोग तसाच राहिला असता. हो म्हटलं की नवऱ्यानं काय केलं ते एका परक्या बाईला सांगावं लागणार, आणि ती ते लिहिणार. हेमावतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"घेतलंय. तीन वर्सं. एक दिसाआड. नवऱ्याच्या बाटलीतलं."

समुपदेशक बाईचं पेन थांबलं. मला वाटलं आता रागावते. तिनं नुसता श्वास सोडला. "बरं झालं सांगितलंस. जास्तीचं एक रक्त घेऊ. त्याला दिवस लागतील. तोवर औषध आजपासूनच सुरू. रोज. रोज म्हणजे रोज."

"सोमवारी बी?"

"सोमवारी पण."

रक्त काढलं. कोपरात कापूस दाबून ती परत येऊन बसली. बाईनं फॉर्म पुढं ओढला. "घरचं कोण आहे सोबत? गोळी घेतली का बघायला, तू नाही आलीस तर आम्ही कुणाला फोन करायचा, त्याला. घरचंच हवं." तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. माझं नाव तिथं चालत नाही. चाललं असतं तरी पुढच्या अकराव्या महिन्यात मी कुठं असेन कुणास ठाऊक.

हेमावती कुणाचं नाव सांगणार? नवरा मेलेला. सासरी कळलं तर संपलं. माहेरी भावजय.

दार ढकलून सिदू आत आला, पोरगी खांद्यावर झोपलेली. बाहेर भिंतीला कान लावून उभा होता की काय कोण जाणे. त्या दारांना काय, सगळंच ऐकू जातं.

"माजं लिवा," तो म्हणाला. "सिदराम वीरभद्रप्पा. नंबर सांगतो."

बाईनं नंबर लिहून घेतला. "नातं?"

सिदू हेमावतीकडे बघत राहिला. ती कापूस दाबून धरलेल्या आपल्या हाताकडे बघत होती. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं, कुणी उठलं नाही, पुन्हा पुकारलं.

"अहो, नातं काय लिहू?"

"सध्या दीर लिवा," सिदू म्हणाला. "पुडचं सहा म्हयन्यानं बगू."

बाईनं दीर लिहिलं आणि बाटली पुढं सरकवली. हेमावतीनं कापूस टाकला, झाकण उघडलं आणि पाणी मागितलं. खरं तर वेळ रात्री जेवणानंतरची सांगतात. तरी बाईनं स्वतःच्या बाटलीतलं पाणी पुढं केलं.